रोपे लावणारे पुष्कळ, गायरान राखणारे कोण?



जुलै उजाडला की आमच्या कोपरगाव तालुक्यात रोपांनी भरलेले ट्रॅक्टर फिरू लागतात. १९५० साली कन्हैयालाल मुन्शींनी सुरू केलेला वनमहोत्सव जरूर साजरा व्हावा. पण त्यासाठी जागा हवी म्हटले की गावाला हमखास गायरान आणि माळ आठवतो, आणि ‘पडीक जमीन हिरवी केली’ असे समाधान मिळते. माझा आक्षेप या ‘पडीक’वर आहे. निसर्गप्रेमी स्वयंसेवकाचे पहिले काम रोप लावणे नव्हे. गावाची सामाईक जमीन गावाकडे राहते की नाही, हे पाहणे आहे.

माळ रिकामा नसतो. ऐन उन्हाळ्यात टिटवी तिथल्या उघड्या मुरमावर अंडी घालते. ती इतकी खड्यांच्या रंगाची असतात की पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. पावसाचे दोन सडाके झाले की कुसळी, पवन्या वर येते आणि त्या गवतावर मेंढरे जगतात. तिथे ग्लिरिसिडिया दाटीने लावला की सावलीत गवत मरते आणि टिटवी, चंडोल उठून जातात. शेजारच्या येवला तालुक्यात ममदापूर-राजापूरचा माळ काळविटांसाठी संवर्धन राखीव क्षेत्र झाला आहे. आपल्याच जिल्ह्यातील रेहेकुरी अभयारण्यही काळविटांचेच. माळ माळ राहिला तरच हा प्राणी टिकतो.

दुसरा धोका अतिक्रमणाचा. नांदूरमध्यमेश्वर बंधाऱ्याच्या कालव्यांनी ज्या तालुक्यात ऊस उभा केला, तिथे गुंठ्यागुंठ्याला मोल आहे. गायरानाच्या कडेला आधी कडब्याची गंज लागते, मग गोठा होतो, मग पत्र्याचे शेड आणि शेवटी विजेचे मीटर. सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात २८ जानेवारी २०११ रोजी सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला. त्याच वर्षी जुलैत राज्य सरकारनेही शासन निर्णय काढला. आदेशाला तोटा नाही. गावात पाठपुरावा करणारा माणूस नाही. अतिक्रमणांची नोंद ठेवायला तलाठ्याकडे गाव नमुना १-ई असतो. तो मागून वाचणारे वृक्षमित्र किती निघतील?

माळावर काय जगते, याची नोंद ठेवायलाही कायदा आहे: २००२ चा जैवविविधता कायदा. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि नगरपालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही हवी. राष्ट्रीय हरित लवादाने जानेवारी २०२० अखेरची मुदत आणि दंडाची तंबी दिली, तेव्हा राज्यात या नोंदवह्यांची धावपळ झाली. अशा घाईत भरलेल्या वहीत टिटवीचा माळ कुठला आणि पवन्या कुठे उगवते, हे उतरणे अवघडच. ते ज्याला ठाऊक, त्या मेंढपाळाला आणि पक्षी पाहत हिंडणाऱ्या पोराला समितीत जागा मिळायला हवी.

यावर दोन आक्षेप येतील. एक, गायरानावर गरिबांचीही घरे आहेत. खरे आहे, म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाच्या त्या निकालात भूमिहीनांना सरकारी अधिसूचनेने दिलेले पट्टे, शाळा, दवाखाने यांना अपवाद म्हणून मोकळीक आहे. स्वयंसेवकाने गरिबाच्या झोपडीआड लपलेले धनदांडग्यांचे कुंपण दाखवावे. दुसरा आक्षेप, गावात वैर कोण ओढवून घेणार? एकट्याने अर्ज केला तर वैर येतेच. तोच प्रश्न ग्रामसभेत मांडला तर तो गावाचा होतो. हिवरे बाजार गावाचे डोंगरावरचे हिरवेपण तेवढे लोकांना दिसते. पण तिथे कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी गावाने ठरवली आणि पाळली, ते यश त्याचे आहे.

तेव्हा तालुका प्रशासनाला विनंती, की प्रत्येक गावच्या गायरानाची भूमी अभिलेख विभागाकडून मोजणी करून हद्दीच्या खुणा रोवाव्यात आणि गट क्रमांक व क्षेत्र यांचा फलक ग्रामपंचायतीच्या दारात लावावा. गवताळ माळावर वृक्षारोपणाला परवानगी देण्याआधी जैवविविधता समितीचे मत घ्यावे. स्वयंसेवकांनीही येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत एवढेच विचारावे: गायरान कागदावर किती आणि जागेवर किती? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे, आणि २ ऑक्टोबरच्या सभेत पुन्हा विचारावे.

– एक निसर्गप्रेमी वाचक, कोपरगाव (जि. अहिल्यानगर)