आधी संघ बघा, मग गुणफलक

संघ हरू लागला की चाहत्यांचा पहिला रोख प्रशिक्षकावर असतो. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचे प्रशिक्षक माइक शशेफ्स्की १९८० साली आले आणि पहिल्या तीन हंगामांत त्यांच्या वाट्याला ३८ विजय, ४७ पराभव आले. १९८३च्या स्पर्धेत व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संघाने १०९-६६ असा धुव्वा उडवल्यावर तर ‘यांना घालवा’ म्हणून देणगीदारांनी धोशाच लावला. क्रीडासंचालक टॉम बटर्स मात्र बधले नाहीत. जॉनी डॉकिन्स, मार्क अलारी हे खेळाडू तेव्हा विद्यापीठात पहिल्याच वर्षाला होते. संघ घडत होता. पुढच्या हंगामात सरावाच्या पहिल्या दिवशी गुणफलकावर मुद्दाम तेच आकडे झळकत होते: १०९-६६. जानेवारी १९८४मध्ये बटर्स यांनी करार वाढवला. १९८६मध्ये त्याच पोरांनी राष्ट्रीय स्पर्धेचा अंतिम सामना गाठला. पुढे शशेफ्स्कींनी पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. म्हणून हरणाऱ्या प्रत्येकाला अभय द्यावं, असं नाही. पण पोरं शिकताहेत का, प्रशिक्षकाच्या शब्दाखातर जीव तोडून खेळताहेत का, हे आधी बघा. उत्तर ‘हो’ असेल, तर त्याला वेळ द्यायलाच हवा.