डग्गा कुठे गेला?

गेल्या दिवाळीच्या आधी आमच्याकडे रंगकाम निघालं. ज्यांनी हा अनुभव घेतलाय त्यांना जास्त सांगायला नको. चार दिवसांचं काम तीन आठवडे चाललं आणि हॉलमधला बाबांचा सगळा संसार, म्हणजे अँप्लिफायर, टर्नटेबल, सीडी प्लेअर आणि दोन स्पीकर, आतल्या खोलीत पलंगाखाली जाऊन पडला. रंगारी गेल्यावर मी ते सगळं परत जागेवर लावलं. पूर्वी हे काम फक्त बाबांचं असे. आम्हा भावंडांना रॅकच्या मागे हात घालायची सक्त मनाई होती. पण आता बाबा ७८ वर्षांचे आहेत आणि त्यांचे गुडघे त्यांना तिथे वाकू देत नाहीत. म्हणून मी.

पहिल्याच संध्याकाळी भीमसेनजींची सीडी लावली. बाबा नेहमीच्या खुर्चीत डोळे मिटून बसले. दहा मिनिटांनी डोळे उघडून म्हणाले,

"अरे, डग्गा कुठे गेला?"

मी म्हटलं, "बाबा, वाजतोय की!"

"वाजतोय. पण घुमत नाहीये. आणि बुवा मधे बसलेले नाहीत."

बाबा तरुणपणी चार वर्षं तबला शिकले होते, त्यामुळे डग्ग्याबद्दल ते हळवे आहेत हे घरात सगळ्यांना माहीत आहे. मी बास थोडा वाढवून दिला आणि विषय संपवला. पण तो संपला नाही. रोज संध्याकाळी तेच. शेवटी मला जे सुचलं ते सांगायला आता लाज वाटते. मी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो.

तपासणी झाली. डॉक्टरांनी आलेख दाखवला. डावीकडे, म्हणजे खालच्या स्वरांकडे, रेष जवळपास सरळ होती. उजवीकडे, ४००० हर्ट्झच्या पुढे, ती खाली घसरत गेली होती. "वयानुसार आहे, काळजी नको," डॉक्टर म्हणाले. मी घरी येऊन आईला सांगितलं, "बघ, मी म्हणत नव्हतो? बाबांना कमी ऐकू येतंय."

आता नीट बघा. वय आधी वरचे स्वर खातं. बाबांची तक्रार होती खालच्या स्वरांची, आणि त्या बाजूला त्यांचे कान ठणठणीत आहेत असं तो कागद मला सांगत होता. पण मला त्या कागदावर माझंच म्हणणं वाचायचं होतं.

तरी मनात कुठेतरी टोचत होतंच. मग मी माझ्या पिढीचा उपाय केला, म्हणजे खर्च. हाय-फायच्या एका दुकानात गेलो. तिथल्या गोड बोलणाऱ्या मुलाने सांगितलं की सर, तुमची वायरच जुनी आहे. वायर बदला, पडदा बाजूला झाल्यासारखं वाटेल. जमल्यास मागे चार टर्मिनल असलेले नवे स्पीकर घ्या आणि बाय-वायरिंग करा. स्पीकर मी घेतले नाहीत, पण १८ हजारांची वायर घेतली. बोटाएवढी जाड, पारदर्शक आवरणातून तांबं चमकतंय, टोकांना सोनेरी पिना. घरी येऊन लावली आणि खरं सांगतो, मला फरक ऐकू आला! आवाज मोकळा वाटला, तानपुरे सुटे झाल्यासारखे वाटले. १८ हजार दिल्यावर कोणाला ऐकू येणार नाही? :)

बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "वायर छान आहे. डग्गा कुठे आहे?"

दुसऱ्या दिवशी रविवार होता. बाबांनीच सूत्रं हातात घेतली. बालगंधर्वांची सीडी लावायला सांगितली. ती जुन्या ७८ च्या तबकड्यांवरून केलेली, म्हणजे मोनो. दोन्ही स्पीकरना अगदी एकच आवाज जातो. सगळं ठीक असेल तर गाणारा दोन स्पीकरच्या बरोबर मधे, भिंतीपाशी उभा असल्यासारखा वाटायला हवा.

"मधोमध उभा राहा. कुठून ऐकू येतंय?"

मी उभा राहिलो. "सगळीकडूनच येतंय बाबा."

"म्हणजे कुठूनच येत नाहीये. आता भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढ."

अँप बंद करून, प्लग काढून, स्पीकरच्या वायरी अँपच्या बाजूने सोडवायला लावल्या. मग त्यांच्या सांगण्यावरून स्पीकरची जाळी काढली आणि दीड व्होल्टचा सेल वायरीच्या दोन टोकांना क्षणभर टेकवला. अँपच्या लाल टर्मिनलमधून सुटलेल्या टोकाला सेलची धन बाजू, काळ्यातल्या टोकाला ऋण. डावीकडचा कोन 'टक्' करून बाहेर आला. उजवीकडचा 'टक्' करून आत गेला.

झालं होतं ते असं. आमच्या अँपच्या मागे डाव्या चॅनेलच्या क्लिपा लाल-काळी अशा आहेत आणि उजव्याच्या काळी-लाल. तीस-पस्तीस वर्षांत लाल रंग विटून तपकिरी झालाय. मी टॉर्चच्या उजेडात, चाचपडत, दोन्हीकडे लाल डावीकडेच आहे असं धरून चाललो होतो. जुनी वायर तशी लावली आणि १८ हजारांची नवीही तशीच लावली. वायरीने बिचारीने काय करायचं? तिने माझी चूक अतिशय शुद्ध तांब्यातून स्पीकरपर्यंत इमानदारीने पोचवली.

एका स्पीकरची फेज उलटी झाली की एक कोन हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा ती मागे ओढतो. १०० हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी साधारण साडेतीन मीटर असते. स्पीकर दोन मीटर अंतरावर असले तर अशा आवाजाच्या लाटा खोलीत बऱ्याच प्रमाणात एकमेकींना मारून टाकतात. वरचे स्वर तेवढे मरत नाहीत, त्यामुळे सगळं 'वाजतंय' असं वाटत राहतं. जातो तो घुमारा आणि जाते ती गायकाची जागा. बाबा पहिल्या दिवशी नेमक्या याच दोन गोष्टी म्हणाले होते.

या सगळ्या प्रकारानंतर माझं एक मत बनलंय. स्पीकर आणि अँप जोडण्यात जे खरोखर महत्त्वाचं आहे ते जवळजवळ फुकट आहे, आणि जे महाग आहे ते जवळजवळ बिनमहत्त्वाचं. हे मी नुसतं रागाने म्हणत नाही, थोडा हिशोबही केला.

एक चौरस मिलिमीटर जाडीच्या, एक मीटर लांब तांब्याच्या तारेचा रोध सुमारे ०.०१७ ओहम. आमच्याकडे अँपपासून लांबच्या स्पीकरपर्यंत सहा मीटर वायर लागते, जाऊन-येऊन बारा मीटर. तपकीर गल्लीत इलेक्ट्रिशियन ज्याला 'अडीच एमएम' म्हणतात ती घरगुती वायर वापरली तर एकूण रोध होतो ०.०८ ओहम. ८ ओहमच्या स्पीकरसमोर हे एक टक्का. इथे कान काही तक्रार करू शकत नाहीत. उलट म्युझिक सिस्टिमबरोबर फुकट येते तशी अर्ध्या एमएमची दोरा-वायर एवढ्या लांब टाकली तर रोध ०.४ ओहम, म्हणजे पाच टक्के. स्पीकरचा रोध प्रत्येक स्वराला वेगळा असतो, त्यामुळे बारीक वायरीत काही स्वर जास्त अडतात, काही कमी. म्हणून पुरेशी जाड वायर हवी, हे खरंच आहे. पण 'पुरेशी' हा शब्द दुकानात कोणी उच्चारत नाही.

दोन्ही वायरी तंतोतंत सारख्या लांबीच्या हव्यात, नाहीतर एका बाजूचा आवाज उशिरा पोचतो, असंही मला सांगण्यात आलं होतं. वायरीतून सिग्नल सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने जातो. दोन मीटरच्या फरकाने पडणाऱ्या उशिरात हवेतला आवाज केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाइतका सरकतो. खुर्चीत नुसता श्वास घेतला तरी आपलं डोकं त्याहून जास्त हलतं.

आणि बाय-वायरिंग? स्पीकरमागच्या चार टर्मिनलमधली पट्टी काढायची आणि एकाच अँपपासून वरच्या-खालच्या स्वरांसाठी दोन वेगळ्या जोड्या न्यायच्या. दोन्ही वायरी पुन्हा एकाच अँपच्या एकाच जागी जाऊन मिळतात. तीच गोष्ट एकच जाड वायर करते, अर्ध्या खर्चात. दोन वेगळे अँप लावणं (बाय-अँपिंग) ही निराळी गोष्ट आहे, त्याला अर्थ असू शकतो. पण तेव्हा ती पट्टी न विसरता काढा. ती राहिली तर दोन अँपची तोंडं एकमेकांत अडकतात आणि धूर निघू शकतो.

महाग वायरवाल्यांवर मी खोटेपणाचा आरोप करत नाही. २००७ साली अमेरिकेत जेम्स रँडी या जादूगाराने अशाच एका ७२५० डॉलरच्या वायरीबद्दल दहा लाख डॉलरचं आव्हान दिलं होतं: न बघता, नुसत्या कानांनी साध्या चांगल्या वायरीतला आणि हिच्यातला फरक ओळखून दाखवा. ती परीक्षा शेवटी झालीच नाही. त्यामुळे तिचा निकाल मी इथे पुरावा म्हणून देणार नाही. माझ्यापुरता पुरावा माझ्या हॉलमध्ये आहे. उलट्या फेजमध्ये मला 'फरक' ऐकू आला होता. त्यानंतर मी माझ्या कानांवर नाही, पण माझ्या पावतीवर विश्वास ठेवणं सोडलंय.

मग करायचं काय? बाबांनी मला जे करायला लावलं तेच सांगतो. अँप बंद करून मगच वायरीला हात लावा. टोकं नीट सोला, तारांना पीळ द्या. एकही सुटी तार शेजारच्या टर्मिनलला टेकता कामा नये, तेवढ्याने अँप जाऊ शकतो. व्हॉल्व्हचा अँप असेल तर उलटी काळजी: स्पीकर न जोडता तो वाजवू नका. प्रत्येक चॅनेलवर ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर लावले की अँपला ४ ओहम दिसतात आणि चार लावले तर २, तेव्हा गणपतीत भावाने गच्चीवर जादा स्पीकर मागितले तर आधी अँपच्या मागे काय छापलंय ते वाचा. वर्षातून एकदा टर्मिनल सोडवून टोकं बघा. तांबं काळं पडलं असेल तर तेवढं कापून नव्याने सोला. आणि रंग बघा. लाल लालात, काळं काळ्यात. रंग विटला असेल तर नेलपॉलिशचा ठिपका लावा. आमच्याकडे आईने लावून दिलाय.

वायर उलटसुलट करून परत लावली तेव्हा भीमसेनजी पुन्हा सुरू झाले. ते भिंतीपाशी मधोमध बसले होते आणि तबलजी थोडे उजवीकडे. बाबा काही बोलले नाहीत. डोळे मिटले आणि त्यांचा डावा हात मांडीवर चालू लागला. तीन आठवडे तो हात मला दिसला नव्हता, हे तेव्हा लक्षात आलं.

नंतर मी म्हटलं, "बाबा, तुम्ही पहिल्याच दिवशी स्पष्ट का नाही सांगितलंत, वायर उलटी असेल म्हणून?"

"मला तरी कुठे खात्री होती? तू कानाच्या डॉक्टरांकडे नेलंस, तेव्हा वाटलं तुझंच बरोबर असेल."

हे वाक्य अजून माझ्या डोक्यातून जात नाही. अठरा हजारांचं काही नाही, ते गेले. पण आपल्याच कानांवरचा ७८ वर्षांचा विश्वास मी त्यांचा जवळजवळ घालवला होता, आणि कारण काय, तर रॅकच्या मागे अंधार होता आणि मला नीट वाकायचा कंटाळा आला होता.

असो. महाग वायर तशीच लावून ठेवली आहे. बाबा म्हणतात, पैसे दिलेत तर राहू दे, दिसते छान. तुम्ही मात्र आज संध्याकाळी टॉर्च घेऊन जरा तुमच्या अँपच्या मागे डोकावून या. आणि घरातलं कोणी म्हणालं की आवाजात काहीतरी हरवलंय, तर त्यांचे कान तपासायच्या आधी आपली जोडणी तपासा.