धाकाचे प्रवचन आणि ओवीची वाट

श्रोत्याला घाबरवणे म्हणजे त्याचे मन वळवणे नव्हे. हे इतके साधे सत्य आहे की ते सांगण्याची गरज पडू नये. पण आपल्या काही प्रार्थनासभांतून ते विसरले जात आहे, म्हणून स्पष्ट बोलणे भाग आहे.

खोपटच्या चाळींत आणि नव्या इमारतींत वसईकडून, अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) आणि जालना भागांतून पोटापाण्यासाठी आलेली कॅथलिक कुटुंबे राहतात. कुणाच्या तरी घरी संध्याकाळी रोझरी होते आणि मग एखादा पाहुणा प्रचारक बोलायला उभा राहतो. मुलाला नोकरी नाही, सुनेची कूस उजवत नाही, नवऱ्याची दारू सुटत नाही. या प्रत्येक दुःखामागे घरातले पाप आहे, आणि पश्चात्ताप केला नाही तर पुढे अग्नी आहेच, असा हिशेब तो मांडतो. बायाबापड्या रडू लागतात. रडू आले म्हणजे पवित्र आत्मा उतरला, अशी आपण आपली समजूत करून घेतो.

या भाषेला आपण 'जुनी, कडक कॅथलिक शिकवण' म्हणतो. ते खरे नाही. या विशिष्ट वक्तृत्वाचे एक माहेर अटलांटिकपलीकडे, न्यू इंग्लंडच्या वसाहतींत आहे. 1630 च्या सुमारास तेथे वसलेले प्युरिटन लोक विद्येचे भोक्ते होते. वसाहत जेमतेम स्थिरावली असतानाच त्यांनी हार्वर्ड कॉलेज काढले आणि छापखाना आणला. पण त्यांच्या वाङ्मयाच्या गाभ्यात एक थरकाप होता. मायकल विगल्सवर्थ या धर्मोपदेशकाचे न्यायाच्या दिवसावरील दीर्घ काव्य 1662 मध्ये निघाले आणि घरोघरी पोहोचले. मुलांकडून ते पाठ करून घेत. त्यात जन्मताच मेलेली बालकेही नरकात जातात; त्यांना फक्त शिक्षा थोडी सौम्य मिळते! अशा कडव्यांवर ज्या पिढ्या वाढल्या, त्यांच्यापुढे 8 जुलै 1741 रोजी एनफिल्ड गावी जोनाथन एडवर्ड्स उभा राहिला. आगीवर धाग्याने धरलेल्या कोळ्यासारखा पापी मनुष्य संतप्त देवाच्या हातात लोंबकळतो आहे, असे चित्र त्याने उभे केले. आवाज चढवला नाही, हातवारे केले नाहीत. तरी सभेत असा आक्रोश उठला की प्रवचन मध्येच थांबवावे लागले.

एडवर्ड्स सामान्य माणूस नव्हता. अमेरिकेच्या मोठ्या तत्त्वचिंतकांत त्याची गणना होते आणि ईश्वरी सौंदर्यावर व प्रेमावर त्याने फार सुंदर लिहिले आहे. परंतु त्याच्या धाकाची किंमत त्याच्याच घराने मोजली. 1735 मध्ये नॉर्थॅम्प्टनला धर्मजागृतीची लाट उसळली असता त्याचा नातलग जोसेफ हॉली याने, आपल्याला तारण नाही या निराशेत, आत्महत्या केली. ही घटना स्वतः एडवर्ड्सने नोंदवली आहे. त्यानंतर लाट ओसरली. 1750 मध्ये त्याच मंडळीने मतदान करून त्याला धर्मपीठावरून दूर केले. कारण प्रभुभोजनाला कोणाला घ्यावे हा वाद होता, हे मान्य; पण वर्षानुवर्षे हलवून सोडलेली मने कसोटीच्या वेळी त्याच्या पाठीशी उभी राहिली नाहीत, एवढे तरी यातून दिसतेच.

हा इतिहास आपल्याला परका नाही. एडवर्ड्सच्या विचारपरंपरेत वाढलेल्या मंडळींनी 1810 मध्ये 'अमेरिकन बोर्ड' ही मिशनसंस्था स्थापली आणि तिचा गॉर्डन हॉल फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबईला उतरला. हॉल मराठी शिकला, शाळांसाठी झटला आणि 1826 मध्ये पटकीने मेला. त्याच्या मागून आलेल्यांनी 1842 मध्ये अहमदनगरला 'ज्ञानोदय' सुरू केले. या माणसांच्या त्यागापुढे कोणीही नम्र व्हावे. मात्र मूर्तिपूजेचे खंडन आणि पापाची जाणीव करून देणे, हा त्यांच्या उपदेशाचा ठरलेला साचा होता. त्याने वाद पेटले. मराठी मनाचे दार मात्र फारसे उघडले नाही.

ते दार उघडले त्याच मिशनच्या मंडळीत आलेल्या एका मराठी कवीने. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 मध्ये झाला. त्यांनी खंडनाची तलवार खाली ठेवली आणि हाती अभंग घेतला. तुकोबांच्या छंदात ख्रिस्त गाऊ लागला. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. आणि लक्ष्मीबाई? पती ख्रिस्ती झाला म्हणून त्या पाच वर्षे दूर राहिल्या. 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या विचाराने, सोवळ्याओवळ्याची एकेक गाठ स्वतःच सोडवत. 'स्मृतिचित्रे' वाचून पाहा. त्या बाईला नरकाची भीती घालून कोणी आणले असते तर ती हसून निघून गेली असती!

आपल्या कॅथलिक परंपरेत तर ही वाट त्याहून जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेज्वीटाचे 'क्रिस्तपुराण' 1616 मध्ये राचोल येथे छापले गेले, विगल्सवर्थच्या काव्याआधी 46 वर्षे. जवळजवळ अकरा हजार ओव्या! त्यात गुरू सांगतो आणि श्रोते शंका विचारतात. शंकेला धाक नाही, उत्तर आहे. स्वर्गाला तो वैकुंठ म्हणतो. मराठी भाषेची थोरवी गाताना हा परदेशी माणूस थकत नाही. त्या काळच्या गोव्यात देवळे पाडली गेली होती, जुनी पुराणे लोकांच्या हातून काढून घेतली होती, हे आपण लपवू नये. सत्तेचा धाक स्टीफन्सच्या पाठीमागे होता. पण म्हणूनच त्याचे मोल अधिक वाटते: धाक हाताशी असताना त्याने ओवी निवडली.

यावर आक्षेप ठरलेला आहे: "ख्रिस्तानेही नरकाची वाणी उच्चारली ना?" उच्चारली. पण कोणापुढे? मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात अग्नीची शिक्षा आहे ती भुकेल्याला अन्न न देणाऱ्यांना. लूकच्या सोळाव्यात ती आहे दारातल्या लाजरसकडे न पाहणाऱ्या श्रीमंताला. आपले प्रचारक तीच वाणी भुकेल्या लाजरसालाच ऐकवतात! आणि जन्मांध माणसाकडे बोट दाखवून, पाप कोणाचे, याचे की आईबापांचे, असे शिष्यांनी विचारले तेव्हा प्रभूने तो हिशेबच फेटाळून लावला. योहानाच्या नवव्या अध्यायात हे स्पष्ट आहे. दुखणे आणि पाप यांची बेरीज करणारा प्रचारक शुभवर्तमान सांगत नाही. प्रभूने खोडलेले गणित तो पुन्हा पाटीवर लिहितो.

करिष्माई नवजागरणाने सामान्य माणसाच्या हाती बायबल दिले, हे त्याचे ऋण आहे. ही चळवळ 1967 मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्ग येथील ड्युकेन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या एका ध्यानसाधनेतून कॅथलिकांत आली. तिच्यातली स्तुती आणि प्रार्थना आपण आनंदाने घ्यावी. पण तिच्याबरोबर कधी कधी चिकटून येणारा हा प्युरिटन धाक का घ्यावा?

आपल्या ठाण्याच्या मातीत शब्दाची खरी किंमत मोजली गेली आहे. 1321 मध्ये तोलेंतिनोचे थॉमस आणि त्यांचे तीन सोबती काजीसमोर उभे राहिले व मारले गेले. त्यांच्या साक्षीत धोका होता तो बोलणाऱ्याच्या जिवाला. धाकाच्या प्रवचनात बोलणारा सुरक्षित असतो आणि भीती सगळी ऐकणाऱ्याच्या वाट्याला येते. एवढ्या एका खुणेवरून साक्षीदार कोण आणि सौदागर कोण, हे ओळखता येते.

म्हणून धर्मग्रामातील कुटुंबांना आग्रहाचे सांगणे: पुढच्या वेळी कोणी तुमच्या आजाराचा हिशेब पापाशी जुळवू लागला, तर नम्रपणे पण उभे राहून योहानाचा नववा अध्याय वाचायला मागा. रोझरीनंतर 'क्रिस्तपुराणा'च्या चार ओव्या म्हणा. देवनागरीत ते उपलब्ध झालेले आहे. टिळकांचा एक अभंग मुलांना शिकवा. आणि आपल्या धर्मगुरूंना विनवा की घरोघरच्या सभांत कोण बोलतो व काय बोलतो, याची विचारपूस त्यांनी करावी. दुःखाने वाकलेल्या माणसाच्या पाठीवर हात ठेवायचा असतो. तिथे चाबूक उगारण्याचा अधिकार कोणालाही दिलेला नाही.