घाम आमचा, हुकूम कुणाचा?

मे महिना. लोकलच्या लेडीज डब्यातून उतरते तेव्हा नायलॉनची साडी अंगाला चिकटलेली. हौसेनं नेसते काय? रात्री धुतली की सकाळी वाळते, खळ-इस्त्रीचे पैसे वाचतात. ऑफिसात साहेबाच्या केबिनला एसी, आमच्या डोक्यावर करकरणारा पंखा.

परवा सैल सुती कुर्ता घातला, ओढणी घरीच ठेवली. हेडक्लार्क म्हणतो, "बाई, हे ऑफिस आहे." अहो, फायली मी हातानं उचलते, ओढणीनं नाही!

८ डिसेंबर २०२० ला राज्य सरकारनं आपल्या नोकरांसाठी परिपत्रक काढलं. बायकांनी साडी, सलवार-चुडीदार कुर्ता, पँटवर कुर्ता नाहीतर शर्ट घालावा. आवश्यक असल्यास ओढणी. आवश्यक कुणाला? घाम तर आम्हाला येतो.

१९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी आमच्या आज्या-पणज्यांना सांगितलं, तुमच्या नेसण्यावरून जात ओळखू येते, ते नेसणं बदला. गुडघ्यापर्यंतचं लुगडं त्यांनी खाली घोट्यापर्यंत नेलं. तेव्हा अंग झाकणं हे बंड होतं. आज ओढणी टाकणं हे त्याच बंडाचं पुढचं पाऊल. सवाल तेव्हाचाच आहे: बाईच्या अंगावर हुकूम कुणाचा?

आणि मित्रांनो, मोर्च्यात मूठ वळून घोषणा देता, मग बैठकीत "आपल्या पोरींनी साडीतच यावं" असं कोण म्हणतं? तुम्हीच ना? मेच्या दुपारी सहावारी नेसून एकदा दादर ते सीएसएमटी उभ्यानं जाऊन या. मग बोलू.