मौजेचा परवाना कोणी द्यायचा?

"तुम्ही कार्यकर्त्या ना? मग हे शोभतं का तुम्हाला?"

हा प्रश्न मला चळवळीतल्याच एका ज्येष्ठ ताईंनी विचारला, तोही भर बैठकीत, दहा-बारा जणींच्या देखत. माझा गुन्हा असा की १५ डिसेंबर २०१९ रोजी मी देऊळगाव राजाहून नवी मुंबईला गेले, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर 'यू टू' या आयरिश रॉक बँडचा कार्यक्रम पाहिला आणि मध्यरात्र उलटल्यावर मैत्रिणीच्या घरी पोचले. तिकीट मैत्रिणीने काढलं होतं, रजा माझ्या हक्काची होती, एसटीचे आणि रेल्वेचे पैसे माझ्या पर्समधले होते. तरीही त्या प्रश्नाने मी गोरीमोरी झाले. तेव्हा उत्तर सुचलं नाही. आता देते आहे, कारण हा प्रश्न माझ्या एकटीचा नाही.

आधी माझी कबुली. मी बायकांची शिबिरं घेते. संचारस्वातंत्र्य, निर्णयाचा हक्क, स्वतःसाठी वेळ, यावर तासन् तास बोलते. आणि त्या दिवशी घरून निघताना मी आईला सांगितलं, "मुंबईला प्रशिक्षण आहे." तिशी गाठलेली, एम.एस.डब्ल्यू. झालेली, स्वतः कमावणारी मी, खोटं बोलले! आईने लगेच दशम्या बांधून दिल्या. प्रशिक्षण म्हटल्यावर कोणाला आक्षेप असणार? गाणी ऐकायला जाते म्हटलं असतं तर मात्र घरात पंचायत बसली असती. पुढे मैत्रिणीने काढलेला फोटो फिरत फिरत बैठकीपर्यंत आला आणि माझं 'प्रशिक्षण' उघडं पडलं.

ज्यांना हे नाव नवं आहे त्यांच्यासाठी सांगते. १९७६ साली डब्लिनमधल्या शाळकरी पोरांनी हा बँड सुरू केला. त्यातले चौघे चाळीसहून अधिक वर्षं एकत्र वाजवत आले. १९८७ सालच्या 'द जोशुआ ट्री' या ध्वनिमुद्रिकेतली सगळी गाणी ओळीने सादर करत ते जगभर फिरत होते, आणि त्या दौऱ्याचा शेवटचा कार्यक्रम आपल्याकडे होता. भारतातला त्यांचा तो पहिलाच. मुंबईत शिकत असताना वसतिगृहातल्या माझ्या सोबतिणीच्या लॅपटॉपवर ही गाणी रात्री वाजत असत. निम्मे शब्द मला कळत नसत, पण ढोल कळायला इंग्रजी लागत नाही.

तर जालन्याहून रात्रीची देवगिरी, ठाणे, मग लोकल, मग नेरूळ. हजारो माणसं. कॉलेजची पोरं होती, तशी पन्नाशीच्या बायकाही होत्या. दिवे गेले, ढोल सुरू झाला आणि तो कानात नाही, थेट छातीत वाजला. मी नाचले. मैत्रिणींनो, आयुष्यात पहिल्यांदा मी अशा गर्दीत नाचले, जिथे कोणी माझ्याकडे बघत नव्हतं. सगळे समोर बघत होते. मीही समोर बघत होते.

ही गोष्ट साधी वाटेल, पण आपल्या भागातली करमणूक आठवून बघा. फडावर नाचणारी बाई, बघणारे पुरुष. लग्नाच्या वरातीत डीजेपुढे नाचणारे पुरुष, कडेला पदर सावरत उभ्या बायका. एक तर बाईने दिसायचं, नाही तर बाजूला उभं राहायचं. बघायचा, निवांत डोळे भरून बघायचा अधिकार तिचा नाही. त्या रात्री मंचावर साठीला टेकलेले पुरुष घाम गाळत होते आणि मी, एक बाई, बघत होते. तिकिटाच्या पैशाने मला गाणी मिळाली असतील, पण हा उलटा झालेला क्रम माझ्या लेखी त्याहून मोलाचा होता.

म्हणून काय त्या चौघांची आरती ओवाळायची? मुळीच नाही. एका गाण्याच्या वेळी मंचामागच्या अवाढव्य पडद्यावर कर्तबगार स्त्रियांचे चेहरे झळकले. त्यात गौरी लंकेश होत्या. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये बंगळूरमध्ये स्वतःच्या घराच्या दारात गोळ्या घालून मारलेली ही पत्रकार. तिला बघून माझ्या अंगावर काटा आला. दुसरं गाणं अर्जेंटिना आणि एल साल्वादोरमधल्या त्या आयांवरचं, ज्यांची मुलं लष्करी राजवटींनी 'बेपत्ता' केली. अर्जेंटिनातल्या आया १९७७ पासून डोक्याला पांढरे रुमाल बांधून ब्युनोस आयर्सच्या चौकात मुलांचा जाब विचारत होत्या. आपल्या चळवळीत ज्यांचं नाव आदराने घेतलं जातं, त्या बायका एका रॉक बँडच्या गाण्यात होत्या. चांगलंच आहे. पण हिशेब मांडायचा तर असा: बाई गाण्याचा विषय, बाई पडद्यावरचा फोटो आणि वाद्यं पुरुषांच्या हातात. ए. आर. रहमान यांच्यासोबत त्यांच्या मुली खतिजा आणि रहिमा मंचावर आल्या, तेवढा अपवाद. त्याही पाहुण्या म्हणून, एका गाण्यापुरत्या.

आणि पुरुष साठीत उड्या मारू शकतो, त्याला 'दिग्गज' म्हणतात. आपल्याकडे विठाबाई नारायणगावकरांनी उभं आयुष्य तमाशाला दिलं. राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झाला, पण २००२ साली त्या गेल्या त्या हलाखी सोसूनच. कलावंत पुरुषाचं वय वाढतं तसं त्याचं तिकीट महागतं. कलावंत बाईचं वय वाढलं की तिला मानधनासाठी सरकारी कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. ही तफावत केवळ आयर्लंड आणि महाराष्ट्र यांच्यातली नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येते. आपल्या समाजात बाईला रात्री घराबाहेर पडायचे तीन परवाने आहेत. पहिला देवाचा. आमच्या देऊळगाव राजात आश्विनात बालाजी महाराजांची यात्रा भरते, तेव्हा बाया रात्री उशिरापर्यंत बाहेर असतात, कोणी हटकत नाही. नवरात्र, जागरण, गोंधळ, वारी, सगळं चालतं. दुसरा दुखण्याचा. दवाखाना, बाळंतपण, मयत. तिसरा कामाचा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने बाईला तिच्या संमतीने रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेतही कामावर ठेवायला मुभा दिली, मालकाने संरक्षणाची व्यवस्था करावी या अटीवर. कायद्याला माझा विरोध नाही. पण मेख बघा. मालकाला नफा हवा असेल तर रात्र बाईसाठी खुली, तिच्या संरक्षणाची अटही कागदावर. तीच बाई स्वतःच्या आनंदासाठी बाहेर पडली, तर "एवढ्या रात्री तिथे काय करत होती?"

स्वतःच्या मौजेचा चौथा परवाना नाहीच.

हे वादापुरतं बोलत नाही. माझी ती सहल ज्या दिवसांत झाली ते आठवा. २०१९ च्या नोव्हेंबरअखेर हैदराबादजवळ एका तरुण पशुवैद्यक मुलीवर बलात्कार करून तिला जाळलं होतं. त्यानंतर आम्हा बायकांच्या फोनवर सूचनांचा पाऊस पडत होता: एकटी जाऊ नको, उशीर करू नको, घरी सतत कळव. पुरुषांनी काय करू नये याची यादी मात्र मला कोणी धाडली नाही. कार्यक्रम सुटला, गर्दीतून वाट काढत आम्ही दोघी चालत होतो. बारा वाजून गेल्यावर मैत्रीण एकदम थांबली आणि म्हणाली, "अगं, सोळा तारीख लागली." १६ डिसेंबर. २०१२ साली त्या तारखेनंतर आम्ही विद्यार्थिनी मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर उतरलो होतो. आणि दिल्लीची ती मुलगी त्या रात्री कुठून परतत होती? सिनेमा पाहून! ती नोकरीवरून येत नव्हती, देवळातून येत नव्हती. मित्रासोबत सिनेमा बघून घरी निघाली होती, आमच्यासारखीच.

आठवून बघा, त्या वेळी आपणही तिची बाजू मांडताना काय सांगत होतो? "किती हुशार होती, फिजिओथेरपी शिकत होती, घराचा आधार होती." हे सगळं खरंच. पण सिनेमाचा उल्लेख आपण हळू आवाजात केला. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईत शक्ती मिलच्या आवारात छायाचित्रकार मुलीवर अत्याचार झाला, तेव्हा आपण ठासून सांगितलं, "ती कामावर होती." जणू कामावर असणं हे चारित्र्याचं प्रमाणपत्र! मग जी कामावर नाही, जी उगीच भटकायला, आइस्क्रीम खायला, गाणी ऐकायला गेली आहे, तिच्या बाजूने कोण उभं राहणार? 'चांगल्या बाई'साठी सुरक्षितता मागताना आपण 'वाईट बाई'ला रस्त्यावर एकटी सोडून येतो. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी 'व्हाय लॉइटर?' या २०११ च्या पुस्तकात मुंबईच्या अभ्यासावरून हेच मांडलं: बाईला सार्वजनिक जागेत कारणाशिवाय रेंगाळण्याचा हक्क हवा. २०२४ च्या १४ ऑगस्टला, आर. जी. कर रुग्णालयातल्या डॉक्टर मुलीच्या हत्येनंतर कोलकात्याच्या बायकांनी रात्र ताब्यात घेण्याची हाक दिली आणि त्या हजारोंनी उतरल्या. संताप व्यक्त करायला रात्र ताब्यात घेतली, ठीकच. पण हसायला, गायला ती कधी घेणार?

ताईंचा दुसरा मुद्दा होता: "आपल्या जिल्ह्यात शेतकरी फास लावून घेतात, आणि तुला मौज सुचते?"

हा घाव वर्मी बसतो. २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमधल्या विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत बुलढाणा होता, आणि अशा घरांमध्ये मी काम करते. म्हणूनच सांगते. एका गावातली अशीच एक बाई, वय पस्तीसही नसेल. तिला मदतीचा चेक मिळाला, कोणी शिलाई मशीन दिलं, कोणी शेळ्या दिल्या. एकदा गटाच्या बायांसोबत ती तालुक्याला आली आणि आम्ही सगळ्या मिळून सिनेमा पाहिला. ती खळखळून हसली. आठवड्याने मला म्हणाली, "ताई, आता मला नका नेऊ. मी हसले हे कोणीतरी घरी सांगितलं. जाऊ म्हणाली, नवरा खाऊन दात काढते." त्या दिवशी मला कळलं की विधवेचं पहिल्यांदा काय काढून घेतलं जातं. कुंकू-बांगड्या नंतर, आधी हसू. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसं परिपत्रक काढलं. बांगड्या फोडणं ठरावाने थांबेल. पण तिला हसायचा हक्क आहे हे कोणत्या ठरावात आलं? तेव्हा ताई, दुःखाच्या जिल्ह्यात मौजेचा प्रश्न चैनीचा नसतो, उलट तिथेच तो सगळ्यात अवघड असतो.

तिकीट महाग होतं, ही गर्दी पैसेवाल्यांची होती, हे मला पूर्ण मान्य. मैत्रीण नसती तर मी गेले नसते, आणि माझ्या गटातली एकही बाई जाऊ शकली नसती. पण यावरून "म्हणून कोणीच जाऊ नये" असा निष्कर्ष का काढायचा? भाकरी महाग झाली तर आपण उपवासाचा सल्ला देतो की मोर्चा काढतो?

मोठ्या आवाजाची मी भाबडी भक्तही नाही. ध्वनिप्रदूषणावरचा सर्वोच्च न्यायालयाचा २००५ चा निकाल ज्या याचिकेवर आला, ती करायला निमित्त झालं होतं १९९८ सालच्या बातमीचं: तेरा वर्षांच्या मुलीवर बलात्कार झाला आणि शेजारच्या कर्ण्याच्या आवाजात तिचा आक्रोश बुडाला. म्हणून आवाज कोणाचा, कोणाच्या ताब्यात आणि त्यात कोणाची हाक बुडते, हे आपण विचारलंच पाहिजे. घरी बसून मात्र ते विचारता येत नाही.

आमच्याच तालुक्यातलं मेहुणा राजा हे चोखोबांचं जन्मगाव मानलं जातं. सोयराबाई आणि निर्मळा त्यांच्याच घरातल्या. देवळाचं दार बंद होतं, तरी त्या गायल्या. त्यांनी कोणाकडे परवाना मागितला नव्हता.

तेव्हा माझी सूचना साधी आहे. आपल्या मागण्यांच्या यादीत आणखी काही ओळी घालू या. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, आता रात्री परतायला गाडीही मागू या. तालुक्याच्या गावी बायकांसाठी दिवे असलेलं मैदान आणि स्वच्छ संडास मागू या, केवळ यात्रेपुरते नव्हे, बाराही महिने. शिबिराच्या वेळापत्रकात 'करमणूक' हा शेवटचा, वेळ उरला तर घ्यायचा तास असतो; तो मधोमध आणू या. आणि कार्यकर्तीने किती साधं राहावं, किती दमावं, किती कमी हसावं, याची मोजपट्टी आपण आपल्याच मैत्रिणीला लावायचं सोडू या.

आईला मी पुढे खरं सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मला का नाही नेलंस?"

ताई, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर नसलं तरी चालेल. माझ्या आईच्या प्रश्नाला आपल्या चळवळीकडे काय उत्तर आहे, ते मात्र सांगा.