चित्रे किती, की वेळ किती?

पक्ष्यांची छायाचित्रे काढण्यासाठी शाळेत कॅमेरा घ्यायचा ठरला, की पहिला प्रश्न असतो, "झूम किती?" दुसरा असतो, "मेगापिक्सेल किती?" बॅटरीची चौकशी झालीच तर सर्वांत शेवटी होते आणि तीही अशी, "एकदा चार्ज केल्यावर किती फोटो निघतात?" दुकानदार माहितीपत्रकातला आकडा वाचून दाखवतो. आपले समाधान होते.

माझे म्हणणे असे, की हा शेवटचा प्रश्न सर्वांत आधी विचारावा आणि तो वेगळ्या शब्दांत विचारावा. 'चित्रे किती?' असे न विचारता 'वेळ किती?' असे विचारावे. हा नुसता शब्दांचा फरक नाही. त्यामागे नववी-दहावीच्या पुस्तकातलेच पदार्थविज्ञान आहे.

आकडा येतो कोठून?

कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात दिलेली चित्रांची संख्या बहुधा 'सीपा' या जपानी संघटनेने ठरवून दिलेल्या चाचणीतून आलेली असते. या चाचणीची पद्धत २००३ साली ठरली. खोलीचे तापमान २३ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतात. कॅमेऱ्याचा पडदा चालू असतो. दर ३० सेकंदांनी एक चित्र घ्यायचे, प्रत्येक चित्राआधी झूम एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यायचे आणि फ्लॅश असेल तर एकाआड एक चित्र फ्लॅश लावून घ्यायचे. दर १० चित्रांनंतर कॅमेरा बंद करून पुन्हा चालू करायचा. बॅटरी संपेपर्यंत हे चालते.

निरनिराळे कॅमेरे एकाच मापाने मोजायला ही पद्धत चांगली आहे, यात शंका नाही. पण पक्षी पाहणारा माणूस असा वागतो का? तो दर अर्ध्या मिनिटाला एक चित्र घेत नाही. तो वीस मिनिटे नुसता थांबतो आणि मग दोन सेकंदांत दहा चित्रे घेतो. फ्लॅश तर तो लावतच नाही. निदान लावू नये. म्हणजे हा आकडा आपल्या कामाचा नाही. मात्र त्यात एक कामाचा आकडा दडलेला आहे. तो बाहेर काढू.

२०१५ साली बाजारात आलेला निकॉनचा 'पी ९००' हा कॅमेरा त्याच्या ८३ पट झूममुळे हौशी पक्षीनिरीक्षकांत बराच लोकप्रिय झाला. त्याचा आकडा ३६० चित्रे. दर चित्राला ३० सेकंद धरले तर ३६० चित्रांना १०,८०० सेकंद, म्हणजे बरोबर ३ तास लागतात. पुढे २०१८ साली त्याच कंपनीचा १२५ पट झूमचा 'पी १०००' आला. त्याचा आकडा २५० चित्रे, म्हणजे सुमारे २ तास ५ मिनिटे. झूम वाढले, बॅटरीतील ऊर्जाही थोडी वाढली, तरी वेळ जवळजवळ तासाभराने घटला! 'झूम किती?' एवढेच विचारणाऱ्याच्या हे लक्षातही येणार नाही.

बॅटरीचे धरण

भोरजवळचे भाटघर धरण १९२८ साली पूर्ण झाले. पावसाळ्यात वेळवंडी नदीचे पाणी तेथे साठते आणि पुढे ते नीरेच्या खोऱ्यात पुरवून पुरवून वापरले जाते. धरण किती दिवस पुरेल, हे दोन गोष्टींवर ठरते: साठा किती आणि दरवाजा किती उघडला आहे. बॅटरीचेही तसेच आहे. साठा म्हणजे ऊर्जा, ती वॅट-तासांत मोजतात. दरवाजा म्हणजे शक्ती, ती वॅटमध्ये मोजतात.

'पी ९००'च्या बॅटरीवर ३.८ व्होल्ट आणि १८५० मिलिअँपिअर-तास असे लिहिलेले असते. ३.८ ला १.८५ ने गुणले की सुमारे ७ वॅट-तास मिळतात. चाचणीत ती ३ तास टिकली. ७ ला ३ ने भागा. सरासरी २.३ वॅट एवढा दरवाजा उघडा होता.

पण एवढी ऊर्जा जाते कोठे? चित्र काढण्यात, की पडदा आणि संवेदक चालू ठेवण्यात? याचे उत्तर एका तुलनेतून मिळते. निकॉनचेच 'डी ८५०' (२०१७) आणि 'झेड ७' (२०१८) हे दोन महागडे कॅमेरे घ्या. दोघांचे चित्र सुमारे साडेचार कोटी बिंदूंचे. दोघांच्या बॅटऱ्या सुमारे १४ वॅट-तासांच्या. दोघांतही फ्लॅश बसवलेला नाही. तरी चाचणीत पहिल्याने १८४० चित्रे दिली आणि दुसऱ्याने ३३०. असे का व्हावे? पहिल्यात आरसा आणि काचेचा लोलक आहेत. डोळा लावला की भिंगातून आलेला प्रकाशच थेट दिसतो, त्याला वीज लागत नाही. दुसऱ्यात आरसा नाही. त्यामुळे समोरचे दृश्य दाखवण्यासाठी संवेदक आणि पडदा सतत चालू लागतात. डोळ्याजवळच्या छिद्रातून पाहिले, तरी तेथेही एक लहान पडदाच असतो.

निष्कर्ष उघड आहे. पडद्यावर पाहायला लावणाऱ्या कॅमेऱ्यात बॅटरी मुख्यतः चित्रे काढल्यामुळे संपत नाही, पाहत राहिल्यामुळे संपते. 'पी ९००' हाही अशाच जातीचा आहे. आपला पक्षी येण्याची वाट कॅमेरा चालू ठेवून पाहिली, तर सकाळी ७ वाजता भाटघरच्या काठावर बसलेल्या मुलांची बॅटरी १० वाजता संपेल. मग चित्रे चार निघोत की चाळीस. उलट, सकाळभरात तीस वेळा पक्षी दिसला आणि दर वेळी कॅमेरा दोनच मिनिटे चालू ठेवला, तर एकूण एक तास होतो. बॅटरीचा जेमतेम तिसरा हिस्सा खर्ची पडतो.

वेडा राघू जे शिकवतो

आता कोणी विचारील, "कॅमेरा बंद ठेवला आणि तेवढ्यात पक्षी उडून गेला तर?" हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर कॅमेऱ्यात नाही, पक्ष्यात आहे.

भोर-वेल्ह्याच्या कोणत्याही रस्त्यावर तारेवर बसलेला वेडा राघू पाहा. तो झेप घेतो, हवेतच किडा पकडतो आणि पुष्कळदा त्याच जागेवर परत येऊन बसतो. कोतवालाचीही तीच रीत. ही सवय ज्याला ठाऊक आहे, तो कॅमेरा घोडीवर लावून त्या जागेवर रोखतो आणि बंद ठेवतो. राघू उडाला की चालू करतो. जलाशयावरचा कवड्या खंड्या, त्याला बंड्या असेही म्हणतात, पाण्यावर एकाच ठिकाणी पंख फडफडवत तरंगतो आणि मग सूर मारतो. ते तरंगणे हीच सूचना. 'पी ९००' सेकंदाला सातच्या वेगाने सातच चित्रे घेतो आणि मग ती साठवण्यासाठी काही सेकंद अडून बसतो. बंड्या तरंगत असतानाच ती सात चित्रे घेऊन टाकली, तर सूर मारण्याच्या क्षणी हातात काहीच उरत नाही.

म्हणजे पक्ष्यांचा अभ्यास जितका अधिक, तितकी बॅटरी अधिक पुरते. सालिम अलींनी १९३० च्या सुमारास अलिबागजवळच्या किहीम येथे सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचा अभ्यास केला. नर अर्धवट घरटे विणतो, माद्या येऊन त्याची पाहणी करतात, पसंत पडले तरच नर ते पूर्ण करतो आणि मग दुसरे बांधायला घेतो, हे त्यांनी टिपले. त्यांचे साधन होते चिकाटीचे निरीक्षण आणि वही. वहीची बॅटरी संपत नाही.

सह्याद्रीतील ओढ्यांकाठचा शीळ घालणारा कस्तुरही हेच सांगतो. तो गातो पहाटेच्या अंधुक प्रकाशात, झाडीने झाकलेल्या घळीत. लांब झूमच्या भिंगातून प्रकाश आधीच कमी येतो. अशा वेळी चित्र धूसरच निघणार. तेथे कान आणि पेन्सिल यांचीच कामगिरी मोठी.

थंडी आणि ऊन

सोनी कंपनीने लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली प्रथम बाजारात आणली. तिच्यामागच्या संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या बॅटरीत लिथियमचे आयन द्रावातून एका ध्रुवाकडून दुसऱ्याकडे जातात. थंडीत त्यांची हालचाल मंदावते, अंतर्गत रोध वाढतो, व्होल्टेज लवकर उतरते आणि कॅमेरा 'बॅटरी संपली' असे समजतो. तोरण्याच्या पायथ्याशी डिसेंबरातली पहाट चाचणीच्या २३ अंशांपेक्षा बरीच गार असते. म्हणून जादा बॅटरी आतल्या खिशात ठेवावी.

थंडीने होणारी ही घट तात्पुरती असते. उन्हाने होणारे नुकसान मात्र कायमचे. एप्रिलच्या उन्हात बंद गाडीत विसरलेली बॅटरी आपली क्षमता लवकर गमावते. महिनोन्‌महिने वापरायची नसेल, तर ती अर्धी चार्ज करून गार, कोरड्या जागी ठेवावी. फुगलेली बॅटरी वापरू नये, टोचू नये आणि कचऱ्यातही टाकू नये. ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्यावी.

शाळांनी काय करावे?

काही शिक्षक म्हणतील, "छायाचित्र हा पुरावा आहे. वहीतल्या नोंदीवर कोण विश्वास ठेवणार?" त्यांचे म्हणणे खरे आहे. आकाशात उंच घिरट्या घालणारा शिकारी पक्षी किंवा काठावरचे सारख्या दिसणारे पाणपक्षी यांची ओळख पुष्कळदा छायाचित्रामुळेच पटते. म्हणून कॅमेरा नको, असे मी म्हणत नाही. मात्र तारीख, वेळ, जागा आणि पक्षी काय करत होता याची नोंद नसेल, तर सुंदर चित्रही विज्ञानाच्या फारसे उपयोगी पडत नाही.

भोर आणि वेल्हे (आता राजगड) हे डोंगर, घाट, भातखाचरे आणि धरणे यांचे तालुके. येथील शाळांच्या अंगणातच असा निसर्ग आहे, की त्याच्या दहा वर्षांच्या नीट ठेवलेल्या नोंदी पुढे अभ्यासकांनाही मोलाच्या ठरतील. त्यासाठी सर्वांत लांब झूमचा कॅमेरा लागत नाही. पैसे मोजकेच असतील, तर साधा कॅमेरा, दुसरी बॅटरी, एक चांगली दुर्बीण आणि जाड पुठ्ठ्याची वही, असा क्रम मी लावीन. पक्षी शोधायचा डोळ्यांनी, पाहायचा दुर्बिणीतून, टिपायचा वहीत आणि मगच कॅमेरा चालू करायचा.

विद्यार्थी मित्रांनो, यावर विश्वास ठेवू नका, मोजून पाहा. बॅटरी पूर्ण चार्ज करा. एका दिवशी कॅमेरा आपोआप बंद होण्याची सोय काढून टाका, पडदा सतत चालू ठेवा आणि एकही चित्र न घेता ती किती वेळ टिकते ते घड्याळ लावून पाहा. दुसऱ्या दिवशी तसेच करा, पण दर मिनिटाला एक चित्र घ्या. बॅटरीवरचे वॅट-तास त्या त्या वेळाने भागा. दोन उत्तरांत फरक किती पडला? तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा. दुकानातल्या माहितीपत्रकापेक्षा तो तुमच्या अधिक उपयोगी पडेल, कारण तो तुम्ही स्वतः मोजलेला असेल.