वॉश मेला, ते बरंच झालं

फॉक्स वाहिनीने २००२ मध्ये 'फायरफ्लाय' या अंतराळ-मालिकेचे भाग उलटसुलट क्रमाने दाखवले, पहिला भाग तर सर्वांत शेवटी, आणि चौदापैकी अकरा भागांतच गाशा गुंडाळला. पुढे डीव्हीडी धडाधड खपल्या, म्हणून युनिव्हर्सलने २००५ मध्ये 'सेरेनिटी' हा चित्रपट आणला. आमच्या जिवावर चित्रपट झाला आणि आमचाच लाडका वैमानिक वॉश मारता, हा चाहत्यांचा राग समजतो. पटत मात्र नाही. यान कसंबसं उतरवून वॉश बोलत असतो, तोच काच फोडून आलेला भाला त्याच्या आरपार जातो. निरोपाचं भाषण नाही, रडारड नाही. त्या क्षणापासून पुढच्या लढाईत कुणी वाचेल याची खात्री उरत नाही. मालिकेत ती असायचीच. पुढच्या आठवड्यात सगळे लागणार होते ना!

हा निव्वळ धक्क्यासाठी धक्का, असा आक्षेप आहे. धर्मोपदेशक बुकच्या बाबतीत तो मान्य; त्याचं पूर्वायुष्य गुलदस्त्यात ठेवून त्याला घाईने उरकलं. पण वॉशची बायको झोई नंतर शिस्त सोडून रीव्हर या रानटी हल्लेखोरांवर तुटून पडते, ते त्याच्या मरणाशिवाय उभंच राहत नाही. आणि या मरणाने पुढच्या चित्रपटाची वाट अडवली म्हणावं, तर सुमारे ३.९ कोटी डॉलर खर्चून जगभरात जेमतेम तेवढाच गल्ला जमला होता.